वरच्या गावातलं बांधकाम

वरच्या गावात जाऊन आमच्या पडक्या घरातली अक्रोडाची तुळई काढून आणायची, एवढंच काम होतं. खाली सडकेलगत नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. दगडांच्या थरांमध्ये लाकडी पट्टे घालून त्या पक्क्या केल्या होत्या. धाबं मात्र एका तुळईवाचून अडलं होतं. भूकंप झाल्यापासून आम्ही तंबूत राहत होतो, आणि शिखरांवर बर्फ दिसायला लागलं होतं.

माझा नवरा बिही कासाब्लांकाला कामावर होता. म्हणून मी, माझी धाकटी जाऊ इज्जा आणि आमचे गवंडी बासूकाका, असे तिघं खेचर घेऊन दुपारी निघालो. इज्जाला मी नको म्हटलं होतं. तिचा नवरा आणि लेक तूदा, दोघंही वर भूकंपाच्या रात्री ढिगाऱ्याखाली गेले होते. ती म्हणाली, "जाऊबाई, तुळई ओढायला तुम्हाला माणूस नको का?"

चढणीवर अर्ध्या वाटेत बासूकाका थांबले. वरून आवाज येत होता. धप्प... धप्प... फळ्यांच्या साच्यात माती भरून धुमसाने ठोकतात ना, तसा. आमच्याकडची जुनी घरं अशीच व्हायची. तो आवाज आम्हाला पोटातून ओळखू येतो.

"वर बांधायला बंदी आहे ना, काका?"

"आहे की. पण तुमच्या इगरमान गावात बंदी कुणी पाळलीय कधी?" ते हसले. "असेल कुणीतरी खमक्या. तंबूला कंटाळला असेल."

आम्ही गावात शिरलो तेव्हा आवाज थांबलेला होता. माणूस दिसेना. पण हद्दा म्हणून एक बाई होती, तिच्या घराच्या जागी कमरेएवढी भिंत उभी होती. नवी, सरळ, साच्याच्या फळ्या अजून दोन्ही बाजूंनी बांधलेल्या. बासूकाकांनी मातीत बोट खुपसलं. बोट आत गेलं. त्यांनी ते झग्याला पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

हद्दाच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"काम उरकू या," ते हळूच म्हणाले.

पुढे पाहिलं तर मशिदीपलीकडेही एक भिंत होती. तिच्यापलीकडे आणखी एक. ज्या घरांतली माणसं वाचून खाली आली, त्यांचे ढिगारे जसेच्या तसे पडले होते. भिंती उभ्या राहत होत्या त्या फक्त बाकीच्या घरांच्या. हे माझ्या ध्यानात आलं. इज्जाकडे पाहण्याचं धाडस झालं नाही.

तुळईला दोर बांधला, खेचराला जुंपलं, आणि तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. आमच्याकडे ते असंच येतं, बघता बघता. खेचराचे कान दिसेनासे झाले. ओल्या मातीचा आणि भुशाचा वास नाकात भरला. त्यात जवाच्या भाकरीचा वास मिसळलेला होता. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या भाकरीचा.

मग धुमस पुन्हा सुरू झाला. या खेपेला अगदी जवळ. धप्प... धप्प... आणि त्या ठेक्यावर बायकांचं गाणं.

ते तिवीझीचं गाणं होतं. एकाचं घर उभं राहायचं म्हणजे सगळ्या गावानं हात लावायचा, त्याला आम्ही तिवीझी म्हणतो. पुरुष माती ठोकतात, बायका पाणी आणि माती वाहतात, पोरं पायांत लुडबुडतात. ती हाक आली की नाही म्हणायचं नसतं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या भिंतीसाठी माती वाहिली होती. तेव्हा गाणं सांगत होती ती हद्दा. जाड, जरा फाटलेला आवाज तिचा.

तोच आवाज धुक्यातून आला.

"तामू... अगं तामू, हात रिकामेच दिसतायत तुझे."

माझं नाव तामू. बासूकाकांनी माझं मनगट धरलं. "ओ देऊ नकोस," ते पुटपुटले. "कलमा म्हण. चालत राहा."

"नव्या घराचा एवढा तोरा आला होय गं?" हद्दा म्हणाली. जिवंतपणी अशीच टोमणे मारायची ती. मागून कुणी कुणी हसलं. "पाणी संपलंय आमचं... माती कोरडी पडते..."

"आले," इज्जा म्हणाली.

मी वळून पाहिलं. ढिगाऱ्यातली एक चेपलेली घागर तिनं केव्हा उचलली होती कोण जाणे. ती झऱ्याच्या दिशेनं निघाली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भूकंपानंतर पहिल्यांदाच तो चेहरा सैल दिसत होता.

मी धावले आणि तिच्या कमरेचा पट्टा धरला.

"सोडा ना... तूदा पाणी मागतेय."

"कुणी मागत नाहीये, इज्जा."

"तुम्हाला ऐकू नाही येत?"

खरंच, तूदाचा आवाज मला ऐकू येत नव्हता. पण इज्जा ज्या बाजूला पाहत होती तिकडे धुकं जमिनीलगत हलत होतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. इज्जाच्या अंगात केवढं बळ आलं होतं! माझे पाय चिखलात घसरत होते. बासूकाका खेचराला आवरत होते. तिला आता आपण गमावणार, असं मला वाटलं, आणि तोंडातून शब्द निघून गेले...

"आधी आमचं घर होऊ दे! आमचं झालं की येऊ... आम्ही दोघी येऊ."

धुमस थांबला. गाणं थांबलं. धुक्यात खूप माणसं एकदम उभी राहिल्यासारखी शांतता झाली. मग एक पुरुषी आवाज, माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून, अगदी समजूतदारपणे म्हणाला,

"बरं. आधी तुमचं."

खाली कसे पोहोचलो ते मला सांगता येणार नाही. तुळई मात्र आली.

धाबं घातलं. त्यावर वेत आणि माती पसरली. पण ईशान्येचा कोपरा मी उघडाच ठेवायला लावला. बासूकाकांनी कारण विचारलं नाही. बिही सुट्टीवर आला तेव्हा चिडला. "लोक हसतात, तामू. बर्फ घरात पडेल. एका दिवसाचं काम ते!" मी म्हटलं, राहू दे. घर पूर्ण झालेलं नको मला. त्याला वाटलं, भूकंपानं माझ्या डोक्यावर परिणाम केलाय. तो गेला. आम्ही त्या कोपऱ्याखाली बादली ठेवून राहायला लागलो. इज्जा माझ्याजवळच झोपायची. ती शांत होती, कामं करायची, कधीमधी गुणगुणायची.

बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे ट्रकमधून बाजाराला गेलो. बासूकाकाही आमच्याबरोबरच होते. परत आलो तर कोपरा बंद होता. वेत नीट विणलेले, वर माती चोपून गुळगुळीत केलेली. मी शिडी लावून हात ठेवला. माती ओली होती.

बासूकाका खाली शिडी धरून उभे होते. "कुणी केलं?" मी विचारलं. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, आणि मला कुदळ आणून दिली.

मी कोपरा फोडला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पुन्हा बुजलेला. पुन्हा फोडला. आता बाजाराला मी जातच नाही, तरी शेतातून येईपर्यंत तो बुजलेला असतो. माझे हात सोलून निघालेत. बासूकाका आपल्या गावी परत गेले.

काल मी वर कुदळ चालवत होते तेव्हा इज्जा अंगणात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, रागानं नाही, कीव आल्यासारखी,

"जाऊबाई, कशाला त्यांना सारखं सारखं खाली यायला लावता? दमतात हो ती... त्यात लहान लेकरंही आहेत."