चढावर लंगडणारी गाडी

कुंभार्ली घाट सुरू झाला आणि आत्याच्या जुन्या एसयूव्हीचा काटा वीसच्या पुढे सरकेना. सपाटीवर हीच गाडी बरी पळाली होती. मग चढ दिसताच तिचं अवसान का गळालं? बाजूने विजेच्या नव्या गाड्या गुपचूप पुढे निघून जात होत्या आणि करंजाच्या तेलावर चालणारी ही म्हातारी नुसती धापा टाकत होती.

बारा वर्षांच्या कृत्तिकाला मात्र यात कोडं दिसतच नव्हतं. तिचं उत्तर मागच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून बसलं होतं. त्याचं नाव सदू.

सदू हा यंत्रमानव डॉक्टर ललिता बर्वे यांच्याकडे, म्हणजे तिच्या आत्याकडे, दोन महिन्यांच्या बोलीवर आला होता. दसऱ्याच्या पहाटे कृत्तिकाने त्याला गाडीच्या बॉनेटखाली डोकं खुपसून उभं राहिलेलं पाहिलं. काय करतोस विचारलं, तर "पुसतोय, ताई" एवढंच म्हणाला. आठवड्यात गाडी कुरकुरायला लागली. झालं! संशयाचं भूत जे तिच्या मानगुटीवर बसलं ते उतरेचना. तिने आत्याचं डोकं इतकं खाल्लं, की आज त्याला कऱ्हाडच्या यंत्रमानव केंद्रात परत द्यायला दोघी निघाल्या होत्या. तिथे त्याची स्मृती पुसून टाकणार होते.

"आत्या, हे त्याचंच काम. कऱ्हाडला पोचायला नको ना त्याला!"

"साप साप म्हणून भुई धोपटू नकोस, कृत्तिके. संशय आलाय ना? मग तो तपासायचा." आत्याने वळणावरच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली आणि बॉनेट उघडलं.

"सदू, तू लांब उभा राहा," कृत्तिकाने बजावलं. तो निमूटपणे दहा पावलं मागे गेला. हा निमूटपणाही तिला संशयास्पदच वाटला.

"हे बघ," आत्या म्हणाली, "चढावर जास्त ताकद हवी, म्हणजे तेलाबरोबर हवाही जास्त हवी. ती टर्बो कोंबतो (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा). आणि किती कोंबायची, ते या सोलेनॉइडच्या हातात (विजेवर उघडझाप करणारी झडप)." तिने काडेपेटीएवढा काळा डबा दाखवला. "हा बंद पडला, की गाडीचा संगणक जोर कमी करतो, इंजिन जपायला. अशी गाडी सपाटीवरून हळूहळू घरी नेता येते. घाटात दामटली तर तापते."

"पण झडप विजेने कशी हलते?"

"आत तांब्याच्या तारेची शेकडो वेटोळी आहेत. वीज वाहिली की ती चुंबक होतात आणि लोखंडी दट्ट्या ओढून घेतात. वीज थांबली की चुंबकपण संपलं. मग स्प्रिंग दट्ट्याला जागेवर ढकलते. कान लाव. धडधाकट असेल तर टक् वाजेल."

आत्याने डब्याची जोडणी काढून त्याला बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या. काहीही वाजलं नाही.

डबा उघडला, तर आत हिरवा मळ. "पाणी गेलंय," आत्या पुटपुटली. "ओलाव्यात वीज खेळत राहिली, की तांबं भराभर झिजतं. तारेचं टोक तुटलंय. पण गाडी तर छपराखाली असते, मग पाणी आलं कुठून? सदू, तुला काही माहीत आहे?"

"ते सांगायचं नाही, असं मला सांगितलं आहे, बाई."

"बघ, बघ!" कृत्तिका ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला काहीतरी आठवलं.

खंडेनवमी! अवजारं, गाड्या धुऊन पुजायचा दिवस. आत्या म्हणाली होती, इंजिन नुसतं ओल्या फडक्याने पूस. कृत्तिकाने बागेचा पाइप ओढून जोराचा फवारा मारला होता. सदू धावत आला, तेव्हा तीच म्हणाली होती, "आत्याला सांगायचं नाही हं. कुणालाच नाही!" मग झेंडूची माळ ओवायला पळाली आणि सारं विसरून गेली. तो बिचारा पहाटे तेच पाणी पुसत होता.

ती गप्प राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं. सदू तर बोलणार नव्हताच.

"आत्या, पाणी मी मारलं," ती एका दमात म्हणाली.

आत्या रागावली नाही. तेच कृत्तिकाला जास्त लागलं. "चल, आता दुरुस्तही तूच कर," एवढंच ती म्हणाली.

कृत्तिकाने मळ खरवडला आणि वेटोळ्याचा एक फेरा उलगडून ताजी तार काढली. तिच्यावरचा लाखेसारखा लेप घासून टाकला. सदूने आपलं बोट तापवून हत्यारपेटीतल्या कथलाचा डाग दिला आणि तुटलेलं टोक सांधलं. बॅटरीच्या तारा टेकवल्या.

टक्!

म्हातारी पंचेचाळीसने घाट चढली. माथ्यावर आत्याने न विचारता गाडी माघारी वळवली. कृत्तिका मागे सदूशेजारी जाऊन बसली.

"तुझी सगळी आठवण पुसली असती रे! तरी बोलला नाहीस?"

"तुम्ही 'कुणालाच नाही' म्हणाला होतात, ताई."

कृत्तिकाला रडूच फुटलं.

"खोटा आळ आला तर तोंड उघडणारा यंत्रमानव अजून कुणी घडवलेला नाही," आत्या आरशातून म्हणाली. "शिकवायचं का याला?"

"मी शिकवते. आत्ताच!" कृत्तिकाने डोळे पुसले. "सांग सदू, गाडी कुणी बिघडवली?"

सदूने आधी आत्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही."

"शाब्बास!" कृत्तिका म्हणाली. "आता जरा मोठ्याने."