वायर काढल्यावरही उरलेलं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने रावेरला जावं आणि केळी पिकवायच्या त्या बंद चेंबरसमोर भर दुपारी एकटं उभं राहून दाखवावं.

मे महिन्यातला रविवार. ट्रक गेलेले, मजूर घरी.

संघमित्रा जळगावहून आली होती. चेंबरचा गॅस, थंडावा आणि घंटा सांभाळणारा कंप्यूटर तिनेच बसवलेला. तिथले मॅनेजर किरणभाऊ. हा धंदा तिला त्यांनीच शिकवलेला.

दिवाळीनंतर नवल नावाचा कामगार त्या चेंबरमध्ये अडकून मेला. आतलं बटण दाबलं की बाहेर घंटा वाजायला हवी होती.

वाजली नाही.

कंप्यूटरच बंद पडला होता, असं भाऊ म्हणाले.

बंद पडताना कंप्यूटर शेवटची नोंद मेमरीच्या एका कोपऱ्यात ठेवतो. नुसता रीस्टार्ट केला तर ती टिकते. वीज तोडली की कोपरा कोरा. ही सोय संघमित्रानेच केलेली, भाऊंना समजावलेली. पण ती पोचेपर्यंत भाऊंनी वायर काढून पुन्हा लावली होती.

"सवय गं," ते म्हणाले.

पटण्यासारखंच होतं. आपल्याकडे टीव्ही असो नाहीतर मिक्सर, बिघडलं की आधी वायर काढतात. तिने दोष स्वतःवर घेतला.

नवलची बायको बेबाबाई रडलीही नाही. म्हणाली, "तुह्या मशीननं माह्या मानसाले खाल्लं, बाई."

तेव्हापासून संघमित्राला कुणी काम देईना. आज ती आपलं मशीन काढून न्यायला आली होती.

तिने वायर काढली. पंखे थांबले.

आणि...

घंटा वाजली.

वायर तिच्या हातात होती.

चेंबर सताड उघडा. आत कुणी नाही. केळीही नाहीत. फक्त पिकल्याचा गोड वास...

तिने वायर पुन्हा लावली. आता तो कोपरा कोरा हवा होता.

नव्हता.

नवल गेला त्या दिवसाची नोंद होती. मधल्या काळात कितीदा तरी लाईट गेली होती.

पहिली ओळ... घंटा बंद केली, किरण.

त्याखाली... आतून बटण दाबलं.

आतून बटण दाबलं.

आतून बटण दाबलं.

दाबून दाबून शेवटी मशीन बंद पडलं होतं.

तिने भाऊंना फोन लावला. नोंद सापडली, एवढंच सांगितलं. कुठली, हे त्यांनी विचारलं नाही.

"असं कसं? मी वायर दोनदा काढली होती."

मग भाऊंनी आवाज खाली आणला.

"आणि हे बघ. वीज तोडली की काही उरत नाही, असं पोलिसांना जबाबात तूच लिहून दिलंय. आता कोण ऐकेल तुझं?"

खरं होतं. कुणी ऐकलं नाही.

फक्त बेबाबाईला बोलावून तिने त्या ओळी वाचून दाखवल्या. बेबाबाईने हे कसं शक्य आहे, असं विचारलं नाही. पदर सावरून स्क्रीनसमोर बसली, माणूस घरी आल्यासारखी.

संघमित्रा मात्र अजून विचारतेय...