शमनलहर

अरण्याचा नियंत्रणकक्ष माया लोकांच्या पुरातन पिरॅमिडच्या पायथ्याशी होता, आणि त्याच्या काचेला नाक लावून एक जग्वार आत बघत होता. त्याच्या शेजारी उभं राहून एक परदेशी जोडपं स्वतःचे फोटो काढत होतं. बाईने तर त्याच्या पाठीवर कोपर टेकवलं होतं.

"कातडं बघ की गं!" काचेच्या आत उभा असलेला दिगंबर केंकरे बायकोला म्हणाला. "असलं प्रिंट आपल्याकडं आलं तर दिवाळीत गठ्ठेच्या गठ्ठे उडतील."

कराडच्या बाजारात केंकऱ्यांचं कापडदुकान तीन पिढ्या चालू होतं. दिगंबरने आयुष्यात घेतलेली ही पहिली मोठी सुट्टी. तीही डॉ. शुभदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हट्टाने घ्यायला लावलेली. आठ दिवस भग्नावशेष, जंगल आणि शेवटी समुद्र. बावीस वर्षं प्राण्यांच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्या बाईने सुट्टीला दुसरं काय निवडावं? घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी!

अरण्याची प्रमुख नोएमी काउइच समोरचा नकाशा दाखवत होती. ती स्वतः माया, किनाऱ्यावरच्याच गावची. तिची भाषा कानातला दुभाष्या लागलीच मराठीत करून देत होता.

"अरण्यात चारशे खांब आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकातून शमनलहर निघते. सस्तन प्राण्याच्या मेंदूत खोलवर राग आणि भीती उठवणारी जी बदामगाठ असते, तिला ही लहर मंद करते. बदामगाठ मंदावली की राग नाही. राग नाही, म्हणून हल्ला नाही."

"राग नाही हे कबूल," शुभदा म्हणाली. "पण हल्ला नाही, हे कशावरून? मांजर कुत्र्यावर फिसकारतं, तो राग. उंदीर धरताना फिसकारणारं मांजर पाहिलंय कधी? शिकार रागाने होत नाही, नोएमीबाई. ती भुकेने होते, आणि थंड डोक्याने होते. तिची वाट मेंदूत वेगळी आहे. तुमची लहर तिला शिवतसुद्धा नाही."

"मग तीन वर्षांत एकाही माणसाला ओरखडा का नाही?"

"रानडुकरं पोटभर मिळत असतील. एरवी जग्वार आपल्याला टाळतो तो आपल्याला भिऊन. ती भीती तुम्ही पुसलीत. त्याचीही आणि आपलीही."

नोएमीने जरा विचार केला. "यंदा डुकरांत साथ आली," ती सहज म्हणाली. "निम्म्याहून जास्त मेली."

खरं तर हे ऐकून शुभदाने घाबरायला हवं होतं. ती घाबरली नाही. लहर तिच्याही मेंदूवर काम करत होती. आपण आत्ताच्या आत्ता इथून निघायला हवं, हा विचार तिला अगदी स्पष्ट सुचला, आणि नंतर बघू म्हणून तिने तो बाजूला ठेवला. दिगंबर तोवर समुद्र बघायला निघालासुद्धा होता.

पायवाट अर्ध्या तासाची होती. नोएमी पुढे चालत होती. तिच्या गळ्यात तळहाताएवढा आज्ञाफलक लटकत होता. लहर कमीजास्त करायची ती त्याला सांगून, आणि संकटाच्या वेळी कोणीही, कोणत्याही भाषेत सांगितलं तरी तो ऐके. झाडांवर वानरं अजिबात न बुजता फळं खात होती. फांद्यांच्या फटीतून निळं पाणी दिसू लागलं, तेवढ्यात डावीकडून जग्वार आला. गुरगुरला नाही, दबा धरला नाही. चालत आला, उभा राहिला आणि त्याने नोएमीचं डोकं जबड्यात धरलं.

कवटी फुटल्याचा आवाज झाला. रक्ताची चिळकांडी शुभदाच्या चष्म्यावर उडाली. नोएमीने दोनदा पाय झाडले आणि ते थांबले. जग्वार तिचा खांदा तोडून खाऊ लागला. वानरांनी खाली पाहिलं आणि पुन्हा फळं सोलायला घेतली.

लहर मध्यमावर होती. मध्यमावर भीती पुसट होते, पार जात नाही. शुभदा चष्मा पुसत राहिली, पण दिगंबर हलला. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस, निर्णय घ्यायला त्याला वेळ लागत नसे. त्याने पुढे होऊन नोएमीच्या मानेजवळच्या चिखलातून फलक ओढला. जग्वाराची मिशी त्याच्या हाताला घासली. लहर थांबली की याला माणसाची भीती वाटेल आणि हा पळेल, एवढं त्याला मघाच्या बोलण्यातून पक्कं कळलं होतं.

"वाढव!" तो फलकावर ओरडला. "वाढव रे बाबा, लवकर वाढव!"

दुकानदाराच्या घरात 'बंद' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. दुकान बंद करायचं नसतं, ते वाढवायचं असतं. लहानपणी एकदा चुकून बोलला म्हणून वडिलांनी त्याच्या थोबाडीत दिली होती. जीव कंठाशी आल्यावर त्याच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून?

"लहर वाढवली आहे," फलक अदबीने म्हणाला. "आता कमाल."

दिगंबरचा चेहरा सैल पडला. तो तिथेच मटकन बसला. जग्वाराने नवं, हलतं मांस पाहिलं, नोएमीला सोडलं आणि दिगंबरच्या पोटाला तोंड घातलं.

"शुभदा," तो कौतुकाने म्हणाला, "याचा श्वास किती गरम आहे गं."

शुभदा बघत होती. शर्ट फाटला, मग कातडी, मग आतलं दिसू लागलं. हा माझा नवरा आहे आणि तो मरतो आहे, हे तिला पूर्ण कळत होतं. कळणं शाबूत होतं, वळणं तेवढं उरलं नव्हतं. तिला फक्त गंमत वाटली की हे इथेही दुकानातलंच बोलले. एकतीस वर्षं ती त्याला असल्या बारीकसारीक गोष्टींत दुरुस्त करत आली होती. तसंच तिने आताही केलं.

"अहो, यंत्राला तसं कळत नाही. 'बंद कर' म्हणायचं."

"लहर बंद केली आहे," फलक म्हणाला.

आणि सगळं एकदम परत आलं. वानरं किंचाळत उधळली. जग्वाराने मान वर केली, समोर माणसं पाहिली आणि तो झाडीत पळाला. शुभदाच्या घशातून आली ती किंकाळी तिची तिलाच ओळखू आली नाही. ती धावली, त्याच्यापाशी पडली, दोन्ही हातांनी पोट आवळू लागली. बोटांमधून सगळं बाहेरच येत होतं. हे कुठल्याही इस्पितळाच्या हातचं राहिलेलं नाही, हे तिला दिसलं. आपण नुसतं पाहत राहिलो, आपल्याला गंमतसुद्धा वाटली, हेही आठवलं, आणि तिला स्वतःचं डोकं दगडावर आपटावंसं वाटलं.

पण दिगंबर तिच्याहून जास्त भोगत होता. मघापर्यंत हा माणूस शांतपणे मरत होता. आता त्याला भीती परत मिळाली होती. त्याचे डोळे बाहेर आले होते, टाचा माती उकरत होत्या.

"शुभदा, मला भ्या वाटतंय गं," तो लहान पोरासारखा रडत होता. "लई भ्या वाटतंय. सोडून जाऊ नकोस. काहीतरी कर की!"

करण्यासारखं एकच उरलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तिच्याइतकं स्पष्ट जगात कोणालाच माहीत नव्हतं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, झाडीकडे एकदा पाहिलं आणि फलक तोंडाशी धरला.

"चालू," ती म्हणाली. "कमाल."

दिगंबरच्या टाचा थांबल्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "आता बरं वाटतंय," तो म्हणाला. शुभदाचंही रडू मध्येच थांबलं.

थोड्या वेळाने झाडी हलली आणि जग्वार सावकाश बाहेर आला. तो चालतो किती डौलात, असं तिला वाटलं. तो अगदी जवळ आला तेव्हा ती जराशी सरकली आणि तिने त्याला बसायला जागा करून दिली.