मागे चाळीस मीटर

घड्याळाच्या पडद्यावर काय दिसावं हे ठरवणं, एवढंच तिचं काम. डोंगरात पळणाऱ्याला मनगटाकडे बघायला जेमतेम एक सेकंद मिळतो. नजर त्याहून जास्त रेंगाळली की ठेच लागलीच म्हणून समजा. म्हणून तिचा नियम ठरलेला होता: आकडे तीनच. वेग, नाडी आणि उरलेलं अंतर. चौथ्यासाठी आर्जवं करणाऱ्या साहेबांनाही ती भीक घालत नसे.

प्रत्येक नवं घड्याळ आधी तिच्या धाकट्या भावाच्या हातावर चढायचं. आईवडिलांच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिला दुसरं कुणी नव्हतं.

शर्यतीला आठवडा उरला होता. सरावाहून आल्यावर बूट सोडता सोडता तो म्हणाला, "ताई, चौथा आकडा झकास आहे हं."

"कुठला चौथा?"

"'मागे चाळीस मीटर.' मी दमलो की तो कमी होतो, मग पाय आपोआप उचलतात."

"मागे कोण होतं?"

"कुणीच नाही. तूच टाकलंयस ना ते, चाचणीसाठी?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवस तिने प्रोग्रामची ओळ न् ओळ पिंजून काढली. 'मागे' हा शब्द कुठेच सापडला नाही. घड्याळ स्वतःच्या हाताला बांधून तीच पायवाट तुडवली, तर आकडे तीन. त्याच्या हातावर गेलं की चार.

गुरुवारी तो परतला तेव्हा चेष्टेच्या मूडमध्ये नव्हता. "आज तेवीसपर्यंत आला. जीव तोडून पळालो, तेव्हा कुठे मागे पडला."

"शर्यत सोड. माझं ऐक."

"वर्षभर घाम गाळलाय, ताई. एका आकड्याला भिऊन घरी बसू?"

मग तिने तेच केलं, जे ती नकोशा आकड्याचं नेहमी करायची. पडद्यावरची ती जागा झाकून टाकली. तिथे काहीही आलं तरी आता दिसणार नव्हतं. खरं तर तो आकडा तिलाच बघवत नव्हता. "दुरुस्त झालं," असं तिने त्याला सांगितलं आणि तो मनापासून हसला.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत ती लॅपटॉप उघडून बसली. घड्याळ उपग्रहामार्फत जे जे पाठवेल ते सगळं इथे दिसायचं. जागा झाकली होती ती फक्त घड्याळावर. इथे चारही आकडे होते.

मागे बावीस.

त्याचा ठिपका माथ्यावरच्या वाटेला लागला. वेग संथ होता, नाडी शांत. निवांत पळत होता बिचारा.

मागे नऊ.

तिने फोन लावला. माथ्यावर रेंज नव्हती. आकडा दिसत असता तर त्याने पाय उचलले असते. झाकला होता तिनेच.

मागे चार.

मागे एक.

मागे शून्य.

ठिपका थांबला. मग तो पुन्हा हलला, आणि शब्द बदलला होता.

पुढे एक. पुढे सहा. पुढे वीस.

अर्ध्या तासाने टाळ्यांचा गजर झाला. भाऊ रेषा ओलांडून आला, सरळ तंबूत शिरला आणि त्याने तिला मिठी मारली. ती हमसून हमसून रडली.

"रडतेस काय? पाणी दे."

"घड्याळ कुठंय तुझं?"

"पडलं असेल वाटेत."

तिने त्याचा हात हातात घेतला. दहा वर्षं उन्हात घड्याळ बांधून पळणाऱ्याच्या मनगटावर पांढरा पट्टा उरतोच. हे मनगट बोटांपासून कोपरापर्यंत एकसारखं रापलेलं होतं.

तिने लॅपटॉपकडे पाहिलं. ठिपका अजून माथ्यावरच होता, जीव तोडून पळत. नाडी एकशे ब्याऐंशी. पुढे तीन हजार दोनशे मीटर.

त्याने हात लांब करून लॅपटॉप हळूच मिटला.

"आता काय बघायचंय त्यात, ताई? मी आलोय ना."