कप की बशी

डॉ. शर्वाणी केळुसकर यांनी आलेख तिसऱ्यांदा पाहिला आणि हातातली कॉफी न पिताच खाली ठेवली. घरोघरची कॉफी सुधारायचा विडा उचललेल्या बाईंना आज स्वतःचीच कॉफी नकोशी झाली.

गेले तीन महिने त्यांचा मुक्काम चिकमगळूरच्या प्रयोगशाळेत होता. त्यांचं कॉफी करणारं 'तृप्तियंत्र' चाचणीसाठी सहाशे घरांत बसवलं होतं. त्यातलं एक सांगलीला, खुद्द त्यांच्याच घरी. तिथे त्यांचे पती विश्रामराव, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, रोज दोनदा कॉफी घेत.

"मॅडम, काय झालं?" यंत्राची रचना करणाऱ्या तामण्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा. यंत्राची मनगटपट्टी काय मोजते?"

"पहिल्या घोटानंतर नाडी किती निवांत झाली ते. समाधान कमी पडलं, की यंत्र दुसऱ्या दिवशी पूड वाढवतं, दळण बारीक करतं, पुन्हा मोजतं. मनाजोगती कॉफी मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही."

"आणि ह्यांची पूड पंधरा ग्रॅमची बावीस झालीय! कॉफीचा स्वाद जिभेपेक्षा नाकालाच जास्त कळतो. नाक मंदावलं, की कॉफी कडक केल्याशिवाय जाणवत नाही. हा आलेख कॉफीचा नाही, तामणे. त्यांच्या नाकाचा आहे."

विश्रामरावांच्या थोरल्या भावाची हकिगत तामण्यांना ठाऊक होती. त्या भावाला आधी वास येईनासा झाला, मग माणसांची नावं गेली, शेवटी स्वतःचंही नाव गेलं.

"आणखी एकेचाळीस घरांत असाच आलेख आहे," तामणे हळूच म्हणाले. "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, अशी पत्रं उद्या संध्याकाळी निघतायत. एक मात्र जुळत नाही. या सगळ्यांना यंत्र कॉफी जास्त गरमही देतंय. नाक मंदावल्यावर ते कशाला?"

"ते नंतर बघू," असं म्हणून बाईंनी पिशवी भरायला घेतली. बुद्धी कितीही तल्लख असली, तरी भीतीपुढे तिचं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्या न कळवता सांगलीच्या घरात शिरल्या. व्हरांड्यातून आवाज आला, लांबलचक, तृप्त भुरक्याचा.

विश्रामराव आरामखुर्चीत बसले होते. मनगटावर पट्टी होती आणि दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली बशी.

बायकोला बघून ते चोरी पकडल्यासारखे दचकले. कॉफी धोतरावर सांडली.

"अगं, तू? कळवायचं तरी!"

"अहो, बशीतून पिताय?"

"तू असताना पितो का कधी?" ते ओशाळून म्हणाले. "तुला भुरका ऐकवत नाही, म्हणून अठ्ठावीस वर्षं कपातनंच प्यालो. तू गेलीस त्या दिवशी बशी काढली. पण ते तुझं यंत्र! बशीत ओतली की निवते, वासही उडतो. मजा येईना. मग बिचारं रोज जरा कडक, जरा गरम देत गेलं. आता कशी फक्कड जमलीय!"

बाई पायरीवर बसल्या. आपण यंत्र बनवलं, ते फक्त कपाचं. बशी आपल्याला आवडत नाही, म्हणून ती जगात कुणाच्या हातात नसेल असंच धरून चाललो! तरी मनातली पाल चुकचुकतच होती. नाकाची खात्री कोण देणार?

एवढ्यात विश्रामरावांनी मान वर केली. "लिमयांचं दूध लागलं वाटतं."

बाईंनी हुंगलं. काही नाही. अर्ध्या मिनिटाने कुंपणापलीकडून करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ लिमयेबाईंची ओरड. डॉ. शर्वाणी केळुसकर हसता हसता रडायला लागल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"काय झालं गं?"

"काही नाही. मलाही द्या थोडी. बशीतच."

पहिला भुरका सपशेल फसला. दुसरा जमला. मग त्यांनी तामण्यांना फोन लावला.

"पत्रं थांबवा. प्रत्येक घरी आधी फोन करा."

"विचारायचं काय, मॅडम? वास येतो का?"

"ते दुसरं. पहिल्यांदा विचारा, घरातलं कोण बाहेरगावी गेलंय?"