मिरच्यांचा रुमाल

दक्षिणेचा वारा सुटला की इस्तंबूलच्या बोटी बंद ठेवतात. त्या दुपारी तशाच बंद होत्या, म्हणून अडकलेला कोराय नावाचा एक प्रवासी आमच्या दारात येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, नजर पाटीवर.

"स्त्रियांच्या इतिहासाचं ग्रंथालय... पुरुषांना आत घेता?"

"घेतो की. फक्त बोलायचं कमी, ऐकायचं जास्त," मी म्हटलं.

हसला मेला! आणि मग बोटी सुरळीत चालू असतानाही दर गुरुवारी यायला लागला.

इथला जुना संग्रह मी सांभाळते. त्यातलं माझं लाडकं कपाट मी त्याला दाखवलं. आत जुन्या काळच्या बायकांचे डोक्याचे रुमाल. लिहिता येत नव्हतं त्या बायका काठावर सुईने विणून बोलायच्या. लाल मिरच्या विणल्या म्हणजे नवऱ्याशी बिनसलंय. जांभळं सुंबुलाचं फूल म्हणजे पोरगी प्रेमात पडलीय. कोराय मान डोलवायचा... बघायचा मात्र माझ्याकडे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्या वाढदिवसाला त्याने रुमाल आणला. काठाला लालभडक मिरच्या!

"अगं बाई, सेविल," आमच्या ग्रंथालयातल्या मेलाहतताई चष्मा सावरत म्हणाल्या, "लग्नाआधीच भांडण?"

कोराय गोंधळला. "दुकानदार म्हणाला, लाल रंग प्रेमाचा —"

"दुकानदाराचं ऐकलंस. माझं नाही." मी आवाज खणखणीत ठेवला. ज्यांचं कुणी ऐकलंच नाही अशा बायकांनी आमची कपाटं भरलीत. त्यात मला माझी भर घालायची नव्हती. "ऐकायला शिकलास की ये."

गुरुवार आले, गेले. बोटीचा भोंगा वाजला की मी दाराकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

मग एका गुरुवारी तो आला. बोटांना पट्ट्या. हातातल्या पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात एक जांभळा गोळा.

"वांगं?" मी विचारलं.

"सुंबुल आहे! आजीने शिकवलं... किती वेळा उसवायला लावलं म्हणून सांगू!" त्याने रुमाल पुढे केला. "हे प्रेमात पडलेल्या मुलीने बांधायचं, असं तू म्हणाली होतीस. म्हणून मी फक्त विणलंय. बांधायचं की नाही — ते तू ठरव."

मेलाहतताईंनी नोंदीची चिठ्ठी पुढे ओढली. "कुठल्या कपाटात लावू गं?"

"कपाटात नाही, ताई," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर रुमाल डोक्याला बांधला.