काळ्याखालचा गिलावा

दुरुस्त केलेल्या चित्रावरचा पडदा बाजूला झाला आणि जमलेल्या मंडळींच्या टाळ्या हातातच राहिल्या. वाचनालयाच्या भिंतीवरच्या चित्रात नावाडीण होती, नाव होती. पण नावेखालचं निळं पाणी पुन्हा काळं झालं होतं.

"पुन्हा तोच!" चित्रकार ओरडला. "तो बसचालक!"

फौजदारबाई पोचल्या तोवर गर्दीने निकाल लावून टाकला होता. गर्दीला साक्षीपुरावे लागतात कुठे? वर्षापूर्वी हेच पाणी कुणीतरी काळं केलं होतं. बसचालकाच्या मुलीने चारचौघांत त्या चित्राला नावं ठेवली होती, म्हणून पोलीस त्याच्या घरी गेले. फवाऱ्याचा रिकामा काळा डबा सापडला आणि बापाने तिथल्या तिथे गुन्हा कबूल केला. कोर्टाने नुकसानभरपाई लावली. दर महिन्याला त्याच्या पगारातून पैसे कापून चित्रकाराला मिळत, दुरुस्तीसाठी. पुन्हा असं घडलं तर तुरुंग.

बाईंनी नखाने काळा रंग खरवडला. खाली पांढरा गिलावा. पावसाच्या पाण्याच्या नळामागे पहिल्या वेळचा एक काळा पट्टा दुरुस्तीतून सुटला होता. तिथेही खरवडलं. तिथेही पांढरंच. भिंत हाताला गार लागली.

"काल चित्र कसं होतं?"

"अगदी नव्यासारखं. संध्याकाळी पाण्यावर शेवटचा हात मीच फिरवला," चित्रकार म्हणाला.

बाई बस डेपोत गेल्या. बसचालकाची पाचावर धारण बसली होती.

"मॅडम, या वेळी मी नाही."

"या वेळी?"

त्याने मान खाली घातली.

"मुलगी कुठे असते?"

"परगावी. निकालानंतर गेली. बोलत नाही माझ्याशी."

"तो डबा कुणाचा होता?"

"माझाच." हे तो जरा जास्तच घाईने म्हणाला.

बाईंनी बाहेर येऊन मुलीला फोन लावला.

"स्कूटरचं मडगार्ड रंगवायला मी आणला होता तो डबा," मुलगी म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही. बाबांनी स्वतः कबूल केलं. त्यांची लाज वाटली, म्हणून घर सोडलं."

वाचनालयात परतल्यावर बाईंनी ग्रंथपालांना एकच प्रश्न विचारला. चित्राची हमी काय?

"पाच वर्षं. रंग उडाला तर चित्रकाराने पदरच्या खर्चाने करून द्यायचा. कुणी खराब केलं, तर त्याची जबाबदारी नाही."

बाई चित्रकाराला भिंतीशी घेऊन गेल्या.

"चांगल्या चित्रावर काळं फासलं, तर काळ्याखाली चित्र सापडतं. इथे निळं पाणी कुठे आहे? काळं थेट गिलाव्यावर बसलंय. म्हणजे रंग आधीच पोपडे होऊन पडला होता. नळ गळतो, भिंतीत ओल आहे. काल पाणी नव्यासारखं होतं, ही तुमची थाप. पडलेला रंग झाकायची गरज हमी देणाऱ्यालाच. जुन्या पट्ट्याखालीही तेच, म्हणजे पहिल्यांदाही तुम्हीच. भरपाईच्या पैशांत ओल्या भिंतीवरच रंग चढवलात, तो पुन्हा पडला. आणि आयता गुन्हेगार होताच."

"माझं नाव गेलं असतं हो," चित्रकार म्हणाला. "आणि त्याने आपण होऊन कबूल केलं, त्यात माझा काय दोष?"

बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांनी शिपायाला फक्त खूण केली.

संध्याकाळी त्यांनी बसचालकाला सगळं सांगितलं. पैसे परत मिळतील, डाग पुसला जाईल. तो रडला, हसला, आणि लगेच मुलीला फोन लावला.

"बाळा, मी नव्हतं केलं गं. तू अडकू नयेस म्हणून कबूल केलं."



"म्हणजे बाबा, वर्षभर तुम्हाला वाटत होतं, मीच केलं?"

त्याने बाईंकडे पाहिलं. मुलीने फोन ठेवला होता, तरी तो कानाशी धरून उभा राहिला.